चाकाचा नट कसा सोडवावा (सुटणार नसेल तर)

साहित्य : पंक्चर झालेली गाडी, डिकीतल्या गालिच्याखाली सापडणारा एल आकाराचा पाना, जॅक, आणि स्टेपनी. स्टेपनीत हवा आहे का, हे बाकी काही करण्याआधी पाहून घ्यावं. नसेल तर पुढचं वाचण्याची गरज नाही. जागा कोणतीही चालेल, पण मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावच्या अलीकडे, भर पावसात चाक बसलं तर शिक्षण जास्त पक्कं होतं.

गाडी सपाट जागी, रस्त्यापासून आत घ्या. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, धोक्याचे दिवे लावा. आता बसलेल्या चाकाच्या तिरप्या समोरचं चाक शोधून त्याला दगड लावा. कोकणात दगड मागावा लागत नाही. फक्त जांभा घेऊ नका, चुरतो. काळा घ्या.

जॅकला हात लावू नका. प्रत्येक नवशिका पहिल्यांदा जॅकच लावतो, कारण त्यात काहीतरी होताना दिसतं. पण चाक अधांतरी झालं की नटाबरोबर तेही गोल फिरतं, आणि जोर लावताना गाडी जॅकवरून घसरली तर नट हा तुमच्यापुढचा सर्वांत लहान प्रश्न ठरेल. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे, मग गाडी उचलायची. तसंच, व्हीलकॅपवर दिसणारे नट हे नट आहेत याची खात्री करा. काही कॅपांवर ते प्लास्टिकचे, केवळ शोभेचे असतात. त्यांना पाना लावून घाम गाळणारे सद्गृहस्थ आपल्यात आहेत.

नट उलटा फिरवला की सुटतो, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध. (दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप चालवत असाल तर तिच्या डाव्या चाकांचे आटेच उलटे असतात, पण मग तुम्ही नवशिके नाही.) पाना नटावर पूर्ण आत बसवा, त्याचा दांडा डावीकडे, जमिनीला समांतर ठेवा आणि खाली दाबा. वर ओढू नका. वर ओढताना कंबर जाते, खाली दाबताना तुमचं वजन कामाला येतं. इतकी वर्षं मिसळीवर केलेला खर्च वसूल होण्याची ही पहिली संधी.

नट हलला नाही ना? हलणार नव्हताच. मागच्या वेळी टायरवाल्यानं तो गननं आवळलाय. साध्या हॅचबॅकच्या नटाला साधारण १०० न्यूटन-मीटर जोर पुरतो. हवेवर चालणारी गन याच्या तिप्पट-चौपट सहज लावते, आणि पोरगं ती ‘टर्रर्र’ थांबल्यावरही दोन सेकंद धरून ठेवतं. गिऱ्हाइकाला वाटतं, काम चोख झालं.

आता थोडं गणित. पाना आहे फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर. ७० किलोचा माणूस त्याच्या टोकावर पूर्ण उभा राहिला तर नटावर साधारण २०० न्यूटन-मीटर येतात. गननं ३०० लावलेत. म्हणजे तुम्ही पान्यावर उभे, नट जागच्या जागी, आणि एसटीच्या खिडकीतून लोक बघताहेत. नाचू नका. झटका दिला की पाना निसटतो आणि नडगी बंपरवर आपटते.

एव्हाना सल्लागार जमतात. पहिला म्हणतो, तेल सोडा. सोडा, गंजलेल्या नटाला ते थोडं उपयोगी पडतं, नुसत्या आवळलेल्याला फारसं नाही, पण तेवढ्या वेळात चहा होतो. दुसरा म्हणतो, नट तापवा. त्याला विनम्रपणे चहा आणायला पाठवा. शेजारी रबर आहे. तिसरा काही न बोलता पाना हातात घेतो, अर्धवट बसवतो, जोर लावतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. चौथा टपरीवाला असतो. तो आत जाऊन मीटरभर लोखंडी पाइप घेऊन येतो. याचं ऐका.

पाइप पान्याच्या दांड्यावर चढवा. लांबी तिप्पट झाली की तेवढ्याच जोरात तिप्पट काम होतं. आता उभं राहायला नको, दोन्ही हातांनी हळूहळू भार द्यायचा. पाना सहा कोनी असेल तर उत्तम. बारा कोनी पाना नटाच्या फक्त टोकांना धरतो आणि ती सोलतो. ‘कट्ट’ असा आवाज येईल. घाबरू नका, नट सुटल्याचा तो आवाज आहे. घाबरायचं ते आवाज न होता पाना लोण्यात फिरावा तसा फिरू लागला तर. म्हणजे नट सुटत नाही, तो ज्यावर बसलाय तो स्टड पिळतोय. तिथेच थांबा आणि गॅरेजवाल्याला फोन करा.

बाकीचे नटही ढिले करा. आता जॅक लावून गाडी उचला आणि चाक बदला. बसवताना नट आधी हातानं फिरवा, मग गाडी खाली घेऊन समोरासमोरचे एकाआड एक आवळा. पाइप टपरीवाल्याला परत द्या. तो मोह तुमच्या हाती राहता कामा नये.

पन्नासेक किलोमीटरवर थांबून नट पुन्हा तपासायचे असतात. तिथे चाकापाशी पाना घेऊन उकिडवा बसलेला माणूस पाहून दोन दुचाकीवाले मदतीला थांबतील. ‘सुटत नाही का, काका?’ असं विचारून एक जण बाह्या सरसावेल. त्याच्या हाती पाना देऊ नका.