हौसेची वाट

शनिवार-रविवार अंथरुणात लोळायचं सोडून ब्रिटनमधली शहाणीसुरती माणसं पैसे भरून सायकलवरून डोंगरात वाट चुकायला जातात. म्हणायला ही नकाशा वाचत टप्पे शोधायची स्पर्धा. हँडलवर गोल फिरणारी नकाशापाटी, जीपीएसला मज्जाव. ठरल्या वेळात जमतील तेवढे टप्पे गाठून गुण कमवायचे. उशीर झाला की तेच कापले जातात. लांबच्या टेकडीवरच्या घसघशीत गुणांपायी हावरट गडी हमखास बुडतो.

त्यात 1968 चा कायदा. इंग्लंड-वेल्समध्ये घोडेवाटेवर सायकलला मुभा, पण घोडा आणि पादचारी आधी! पायवाटेवर तर चालवायचा हक्कच नाही. टप्पा समोर दिसतोय, पायवाट नाकासमोर जातेय, आणि हे स्पर्धक चिखलातून वळसा घालताहेत.

जोडीगटात नवरा-बायको असतील, तर नकाशा नक्की कुणाच्या हँडलवर, हे घरूनच ठरवून निघालेलं बरं.