किरकोळ रजेतील वारी

ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यात उभी हयात घालवूनही ज्यांनी एकदाही पायी वारी केली नाही, अशा इसमांची फेरिस्त कोणी तयार करील तर तीत प्रस्तुत लेखकाचे नाव पहिल्याच पानावर आढळेल, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसंगे ज्येष्ठ वद्य अष्टमीस निघालेला वारकरी सुमारे २५० किलोमीटर चालून आषाढ शुद्ध दशमीस पंढरीत दाखल होतो. शेगावहून गजानन महाराजांच्या पालखीबरोबर येणारा तर महिनाभर वाट तुडवीत, तुळजापूर-उळे करीत, आमच्या सोलापूर शहरातूनच पुढे मंगळवेढ्याकडे जातो. आणि ज्यांच्यापासून विठोबा अवघ्या ७२ किलोमीटरांवर उभा आहे त्या आम्हांस मात्र, आमच्या दारावरून पालखी जात असता गॅलरीतून हात जोडण्यापलीकडे सवड सापडत नाही.

यंदा मात्र निश्चय झाला. निश्चय होताच, आमच्याकडील रिवाजाप्रमाणे, बैठक भरली. शेजारचे अण्णा हे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे नियोजन हा त्यांचा वतनी हक्क. त्यांनी चष्मा पुसून पहिला सवाल केला.

"रजा किती?"

"दोन दिवस."

"अर्जित की किरकोळ?"

"किरकोळ."

"मग वारीही किरकोळच करावी लागेल," अण्णांनी निर्णय दिला आणि कोरा कागद पुढे ओढला.

प्रथम त्यांनी त्रैराशिक मांडले. कोजागरीच्या रात्री सोलापूरकर मंडळी रूपाभवानीचे दर्शन घेऊन निघतात आणि ४५ किलोमीटरांवरील तुळजापूर पहाटेपर्यंत गाठतात. एका रात्रीत ४५, तर ७२ किलोमीटरांस किती? उत्तर एक रात्र व एका रात्रीचे तीन पंचमांश असे निघाले. ह्या हिशेबात पायांचा रकाना नव्हता. गेल्याच कोजागरीस तामलवाडीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, डाव्या टाचेवरील लिंबाएवढा फोड चांदण्यात न्याहाळीत आम्ही बैठक मारली होती, आणि त्या रात्री पायी जाणाऱ्यांसाठी मार्ग वाहनांना बंद असल्याकारणाने एखाद्या टेम्पोस शरण जाण्याची वाटही खुंटली होती, ही हकीकत आम्ही विनयपूर्वक दप्तरी दाखल केली, तेव्हा त्रैराशिक तहकूब झाले.

मग एकादशी रविवारला जोडून येते काय, ह्याचा शोध पंचांगात घेण्यात आला. ती येत नव्हती. तिथीच्या क्षयवृद्धीप्रमाणे माउलींच्या पालखीचा लोणंदचा मुक्काम कमीजास्त होतो, हे आम्ही सहज बोलून गेलो; त्यावर अण्णा हळहळून म्हणाले, "पाहा, पालखीलादेखील मुक्काम वाढवून मिळतो!" वेळेअभावी देवास तिष्ठत ठेवण्याची प्रथा पुंडलिकानेच पाडली असून वीट फेकण्याचा दाखला शास्त्रोक्त आहे, असाही एक मुद्दा निघाला, परंतु पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता आणि आम्ही तिमाही विवरणपत्रात, सबब तो दाखला लागू पडेना.

अखेर उपाय सापडला तो असा : दशमीस प्रमुख पालख्या वाखरीहून पंढरीत येतात, तो टप्पा जेमतेम सहा-सात किलोमीटरांचा, तेव्हा वाखरीपर्यंत एस्टीने जावे आणि वाखरीपासून वारी करावी. ठराव एकमताने मंजूर झाला. कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि मुलाने वाढदिवसास दिलेले, पावले मोजणारे घड्याळ एवढा सरंजाम घेऊन आम्ही दशमीच्या पहाटे निघालो.

नियोजनात भूगोल विसरला होता, हे मोहोळमार्गे पंढरपूर जवळ आल्यावर ध्यानी आले. सोलापूरकर येतो पूर्वेकडून आणि वाखरी आहे गावाच्या पश्चिमेस, पुण्याच्या वाटेवर. यात्रेच्या बंदोबस्तामुळे एस्टीने चंद्रभागेच्या अलीकडेच उतरवून दिले. म्हणजे पंढरीस चालत जाण्यासाठी प्रथम पंढरी चालत ओलांडणे प्राप्त झाले! नदी ओलांडून, राउळाचा कळस डाव्या हाताला दिसत असता त्याकडे पाठ करून, इसबावीच्या दिशेने आम्ही देवापासून दूर दूर निघालो, तेव्हा समोरून टाळांच्या गजरात येणारी एक दिंडीच्या दिंडी आम्हांस वळसा घालून गेली आणि तीतल्या एका पागोटेवाल्याने कळवळून विचारले, "माउली, उलटे कुठं? काही राहिलं का मागं?"

"वारी सुरू करायची राहिली आहे," असे उत्तर देण्याचे धैर्य अण्णांनाही झाले नाही.

वाखरीस पोहोचलो तेव्हा घड्याळाने दिवसाचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याबद्दल मनगटावर थरथरून अभिनंदन केले. वारीचे पहिले पाऊल अद्याप पडावयाचे होते. कडुनिंबाखाली परभणीकडची एक आजी तुळशीवृंदावन बाजूस ठेवून बसली होती. तिने सुईत काळा दोरा ओवला, तळपायाच्या फोडातून आरपार काढला, दोन्ही टोके चार बोटे सोडून दातांनी तोडला, आणि पाणी दोऱ्यावाटे झिरपू लागले तशी चिंधी बांधून टाकली. आमची टाच त्या दर्शनानेच ठणकू लागली.

"आजी, घरून निघून बरेच दिवस झाले असतील?"

"पेरणी उरकून निघाले न्हवं का. आन् कोळपणीला माघारी पोचाया पायजे. येळ कुठंय, बाबा?"

"मग दर्शन? बारी तर म्हणतात गोपाळपुरापलीकडे गेली आहे."

"बारीत कोन ऱ्हातंय? कळस बघायचा, चंद्रभागंत न्हायचं, रातची गाडी धरायची." एवढे बोलून ती उठली, वृंदावन डोक्यावर चढविले आणि गर्दीत दिसेनाशी झाली. अण्णा तिच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग खिशातला आपला कागद काढून त्यांनी त्याची चारदा घडी घातली.

परतीचा, म्हणजेच वारीचा, टप्पा आम्ही यथास्थित पुरा केला. परंतु इतक्या नियोजनपूर्वक वाचविलेल्या वेळेचा विनियोग कुठे तरी व्हावयास हवा होता. तो दर्शनबारीत झाला. दशमीची संध्याकाळ गोपाळपूरच्या पत्राशेडमध्ये मावळली, एकादशी तिथेच उजाडली आणि तिथेच कलली, भाकऱ्या उपवासामुळे पिशवीतच राहिल्या, आणि द्वादशीच्या पहाटे, कचेरी उघडण्यास सहा तास उरले असता, मी मोबाईलवर साहेबांच्या नावे एक दिवसाची रजा वाढवून मिळणेबाबतचा अर्ज लिहावयास घेतला. कारणाच्या रकान्यात काय घालावे ते सुचेना. अण्णांनी मागून वाकून पाहिले आणि तीस वर्षांच्या सरावाने सांगितले : "अर्जदार उभा आहे, एवढेच लिहा."