टॅबवर सातवा मजला

पूर्वी साइटवरची आठवड्याची योजना मुकादमाच्या डोक्यात असायची आणि तिचा हिशेब सिगारेटच्या पाकिटाच्या मागे. पाकीट हरवलं की योजनाही गेली. आता योजना क्लाउडवर असते, त्यामुळे ती हरवत नाही. हरवतं ते फक्त काम.

वाकड-हिंजवडीच्या पट्ट्यात कुठल्याही पत्र्याच्या साइट ऑफिसात सोमवारी सकाळी डोकावून पाहा. भिंतीवर रंगीत पट्ट्यांचा तक्ता झळकत असतो. प्रोजेक्ट मॅनेजर विचारतात, “सातव्याचा स्लॅब शनिवारी ना?” साइट इंजिनिअर म्हणतो, “होऊन जाईल, सर.” प्लॅनिंगवाला माउस हलवतो, पट्टी शनिवारवर जाऊन बसते आणि सगळ्यांचा चहा येतो.

सेंट्रिंगचा मुकादम या बैठकीला नसतो. तो त्या वेळी मजूर नाक्यावर सुतार शोधत असतो, कारण त्याची अर्धी गँग छठसाठी बिहारला गेली आहे. सळई अजून ट्रकमध्ये आहे आणि ट्रक कुठे आहे ते ट्रकवाल्यालाच ठाऊक. कन्सल्टंटकडून सुधारित ड्रॉइंग यायचं आहे. खोलीतल्या प्रत्येकाला हे सगळं माहीत असतं. पण सॉफ्टवेअरमध्ये तारखेचा रकाना आहे, शंकेचा नाही. आणि रिकामा रकाना साहेबांना खपत नाही.

गंमत म्हणजे आठवड्याच्या नियोजनाची ही पद्धत ज्यांनी काढली, त्यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या दोघांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या साइटवर मोजून पाहिलं, तर आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी सुमारे निम्मीच त्या आठवड्यात पुरी होत होती. म्हणजे हा रोग निव्वळ आपला नाही, एवढं समाधान मानायला हरकत नाही. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. जो प्रत्यक्ष काम करून घेतो त्यानेच आठवड्याचा शब्द द्यावा. माल, माणसं आणि ड्रॉइंग हाताशी असतील तरच द्यावा. आणि नसतील तर ‘होणार नाही’ म्हणायची त्याला मुभा असावी. आपण या पद्धतीचं सॉफ्टवेअर घेतलं, वर्षाची वर्गणी भरली, टॅब वाटले. मुभा तेवढी पॅकेजमध्ये नव्हती.

मूळ पद्धतीत आणखी एक कडू गोळी आहे. काम एकतर झालं किंवा नाही झालं. जवळजवळ झालेलं काम शून्यात धरायचं. आपल्याकडे हा अन्याय कोण सहन करणार? म्हणून टक्क्यांची सोय करून घेतली आणि तेव्हापासून साइटवरचं प्रत्येक काम ९० टक्के झालेलं असतं. गिलावा ९० टक्के, प्लंबिंग ९० टक्के, लिफ्टचा खड्डाही ९० टक्के. गणपतीत ९० होतं, दिवाळीतही ९०च असतं. उरलेल्या दहा टक्क्यांत दार बसणं, नळाला पाणी येणं आणि जिन्याला कठडा लागणं एवढंच बाकी असतं.

तरीही आठवड्यात पुऱ्या झालेल्या कामांचा आकडा घसरलाच, तर त्यावर हुशार इंजिनिअरने उतारा काढला आहे. यादीत स्लॅब लिहायचाच नाही. ‘सातव्या मजल्याची पाहणी करणे’, ‘सळईबाबत पाठपुरावा’, ‘ब्लॉक मोजणे’ असं लिहायचं. पाठपुरावा फोन लावला की पूर्ण होतो, पलीकडच्याने उचलला नाही तरी. आकडा शंभरावर जातो, मुख्य कार्यालयातून अंगठा येतो. त्याहून हुशार इंजिनिअर सोमवारची यादी शनिवारी संध्याकाळी भरतो. त्याचा शब्द आजवर कधी चुकलेला नाही.

काम का राहिलं, त्याची कारणंही यादीतून निवडायची असतात. सर्वांत लाडकं कारण पाऊस. तो एप्रिलमध्येही निवडला जातो. अवकाळी म्हटलं की वाद मिटतो. दुसरं लाडकं ‘मजूर कमी’. मजूर कमी का, तर मागची खर्ची, म्हणजे मजुरांची आठवड्याची उचल, थकली म्हणून. पण ‘खर्ची आम्हीच दिली नाही’ असा पर्याय त्या यादीत कोणी घालेल, अशी आशा धरू नये. यादी बनवणारे आणि खर्ची अडवणारे एकाच मजल्यावर बसतात.

या कारभारात एकटं काँक्रीट तेवढं हट्टी. त्याला लॉगिन दिलेला नाही, त्यामुळे पट्टी लाल झाली तरी ते घाई करत नाही. काँक्रीटसाठीचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की साडेचार मीटरहून लांब गाळ्याच्या स्लॅबचे टेके किमान १४ दिवस काढू नयेत. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर निदान ७ दिवस पाणी मारावं, फ्लाय ॲश मिसळलेली असेल तर १० दिवस. तक्त्यात या पाणी मारण्याला वेगळी पट्टी क्वचितच असते, कारण त्यात दाखवण्यासारखं काही घडत नाही. ज्यात काही घडत नाही ते काम तारीख जवळ आली की आधी कापलं जातं. मग दोन वर्षांनी छताला तडे पडतात आणि सोसायटीच्या सभेत त्याला ‘किरकोळ हेअरलाइन’ म्हणतात.

फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं. विक्री कार्यालयात कोणी हिरव्या पट्ट्यांचा टॅब पुढे केला, तर कौतुक जरूर करा. रंग छान असतात. मग घरी येऊन महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा तिमाही प्रगती अहवाल उघडा, ताब्याची जाहीर तारीख लिहून घ्या आणि रस्त्यापलीकडे उभं राहून मजले स्वतः मोजा. जमल्यास शनिवारी संध्याकाळी जा आणि गेटवर एखाद्या मुकादमाला विचारा, या आठवड्याची खर्ची मिळाली का. तो ‘नाही’ म्हणाला, तर पुढचा हप्ता भरण्याआधी बिल्डरला लेखी पत्र पाठवून खुलासा मागा.