नारळ आधी, मेगर नंतर

वागळे इस्टेटमधल्या उभ्या राहणाऱ्या टॉवरच्या गेटवर हमखास एक फळा असतो. वर रंगवलेलं ‘अपघातविरहित दिवस’, खाली खडूनं आकडा. रोज सकाळी आकड्यात एक मिळवायचा, हे काम वॉचमनचं. आत काय घडलं हे वॉचमनला कोणी सांगत नाही, त्यामुळे आकडा बिनघोर वाढत जातो. फळ्याशेजारी फ्लेक्सवर पिवळं हेल्मेट घातलेला, गुळगुळीत दाढी केलेला, गोरापान कामगार अंगठा वर करून हसत असतो. असा कामगार ठाणे जिल्ह्यात कोणाला आढळल्यास कळवावे.

1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. जिथे लेथ फिरायचे, प्रेसचे ठोके पडायचे, तिथे आता काचेच्या इमारती आहेत. कारखाने गेले, रोड नंबर 16, 22, 28 तेवढे उरले. पलीकडे किसननगरात क्लस्टरच्या इमारतींची स्वप्नं आहेत. म्हणजे ज्याचा जन्म लाकडी जिन्याखालच्या मीटरबोर्डाशेजारी गेला, तोही आता तिसाव्या मजल्यावर जाणार. त्याच्याबरोबर वीजही वर जाणार. ती कशी जाते, हे ब्रोशरमध्ये कधी छापत नाहीत. त्यात स्विमिंग पूल असतो, योगा डेक असतो, कुत्र्यांसाठी बाग असते. बसबार ट्रंकिंग नसतं.

थोडक्यात सांगतो. पूर्वी तळमजल्याच्या मीटररूममधून केबलींचे जुडगे वर चढायचे. आता उंच इमारतीत शाफ्टमधून धातूची एक चपटी पेटी उभी करतात. तिच्या आत अॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पट्ट्या, प्रत्येकीवर इन्सुलेशन, सगळ्या एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या. मजल्यामजल्यावर टॅप-ऑफ बॉक्स लावून वीज काढून घ्यायची. साइटवर हिला कोणी बसडक्ट म्हणतं, कोणी रायझर. वस्तू उत्तम आहे. केबलींच्या जंजाळापेक्षा सुटसुटीत, नीट बसवली तर जास्त सुरक्षित. माझं भांडण तिच्याशी नाही. ‘नीट बसवली तर’ या तीन शब्दांशी आहे, कारण आपल्याकडे साइटवर ते तीन शब्द कोणाच्याच बिलात नसतात.

हिचा एक तुकडा साधारण तीन मीटरचा. मजल्याची उंचीही जवळपास तेवढीच. म्हणजे हिशेबाला सोपं: मजल्यागणिक एक जॉइंट. तीस मजले, तीस जॉइंट. एकोणतीस चांगले आणि एक वाईट असेल तर निकाल वाईटाच्याच बाजूनं लागतो.

बनवणाऱ्या कंपनीची पुस्तिका मालाबरोबर येते आणि ती खरोखर शहाणी असते. माल कोरड्या जागी, जमिनीपासून वर, झाकून ठेवा. शाफ्टचं प्लास्टर, रंग, वॉटरप्रूफिंग आधी पुरं करा. प्रत्येक तुकड्याचं मेगरिंग, म्हणजे इन्सुलेशनची तपासणी, चढवण्याआधी करा, प्रत्येक जॉइंटनंतर पुन्हा करा. ही पुस्तिका खोक्यातून निघते आणि साइट ऑफिसात चहाच्या थर्मासखाली जाते.

प्रत्यक्षात माल लवकर येतो, कारण माल साइटवर आला की बिल लावता येतं. शाफ्ट तयार नसतो, म्हणून माल बेसमेंटमध्ये जातो. मग जून येतो. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला आपला वाटा बेसमेंट इमानेइतबारे गोळा करतं. तुकड्यांच्या तोंडाला लावलेली प्लास्टिकची टोपणं तोपर्यंत पोरांनी कशाकशाला वापरलेली असतात. उघड्या तोंडातून ओल शिरते, सिमेंटची धूळ शिरते, एखादी पाल संसार थाटते. सप्टेंबरात माल बाहेर काढतात, फडक्यानं पुसतात. बाहेरून चकचकीत दिसतो. आतली ओल फडक्याला दिसत नाही.

शाफ्टची कथा आणखी रम्य. सव्विसाव्या मजल्यावर ट्रंकिंग चढत असताना अठ्ठाविसाव्यावर स्लॅबला पाणी मारणं चालू असतं. ते पाणी जागा मिळेल तिथून खाली येतं. इलेक्ट्रिकलवाल्याचं शेड्यूल त्याला कोणी दाखवलेलं नसतं. पेटीवर आयपी 54 लिहिलंय, मग कशाला घाबरता, असं एक इंजिनिअर मला म्हणाला. चौपन्नातला चार म्हणजे चारी बाजूंनी उडणारे शिंतोडे. डोक्यावर सोडलेला नळ नव्हे. आणि तेही जॉइंट पुरा बसवून झाकण लावल्यावर. उघड्या जॉइंटला कसलाच आयपी नसतो.

शाफ्टमध्ये आणखी एक गोष्ट असते: भोक. मजल्यामजल्याला स्लॅबमध्ये ट्रंकिंगसाठी ठेवलेलं, माणूस आरामात जाईल एवढं. त्यावर प्लायचा तुकडा टाकलेला. खाली भोक आहे हे ज्यानं प्लाय टाकला त्यालाच माहीत, आणि तो गेल्या आठवड्यात दुसऱ्या साइटवर गेला. मोठ्या अॅम्पिअरचा तीन मीटरचा तुकडा शंभर किलोच्या पुढे जातो. तो चेनकप्पीनं वर ओढायचा, खालच्या मजल्यांवर कोणी उभं राहायचं नाही, भोकाभोवती पक्का कठडा, ओढणाऱ्यांच्या कमरेला पट्टे आणि ते अडकवायला भक्कम जागा. पट्टे असतात. बऱ्याचदा अडकवलेलेही असतात, एकमेकांना.

आता बोल्ट. जॉइंटचा बोल्ट हा या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात हुशार भाग. बऱ्याच कंपन्यांच्या बोल्टला दोन डोकी असतात. ठरलेला टॉर्क आला, बहुतेकांचा तो 60 ते 80 न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, की वरचं डोकं आपोआप तुटून पडतं. म्हणजे अडाण्यालाही कळावं की घट्ट झालं. इंजिनिअरनं माणसाच्या आळसाचा विचार करून बनवलेली वस्तू. पण आपल्या जुगाडाचा विचार त्यानं केला नव्हता. टॉर्क रेंच स्टोअरमध्ये कुलपात (महाग आहे, हरवेल), म्हणून पान्याला पाइप घालून डोकं एका झटक्यात उडवायचं. आतल्या पट्ट्या सरळ बसल्यात का, मध्ये कचरा आहे का, हे बघायची गरज उरत नाही. डोकं पडलं, काम झालं.

ढिल्या जॉइंटचं गणित शाळेतलं आहे. विद्युतप्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. चांगल्या जॉइंटचा रोध मायक्रोओहममध्ये मोजतात. तो घसरून एक मिलिओहम झाला आणि रायझरमधून हजार अॅम्पिअर जात असले, तर त्या एका जॉइंटवर 1000 वॉट उष्णता. म्हणजे भिंतीमागच्या बंद शाफ्टमध्ये कोणीतरी इस्त्री चालू ठेवून गावाला गेलं. इस्त्रीला निदान थर्मोस्टॅट असतो. तळातल्या ब्रेकरला यातलं काही कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं हजार अॅम्पिअर म्हणजे रोजचाच लोड. तो ट्रिप होईल तेव्हा आग लागून गेलेली असेल.

आग वर पसरू नये म्हणून नियम आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम 2010 मध्ये आले, 2023 मध्ये ते नव्यानं काढले. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी वेगळी कलमं आहेत. विजेच्या डक्टमध्ये दुसरी कुठली पाइप किंवा सेवा न्यायची नाही, प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी फायर बॅरिअर लावायचा. हा बॅरिअर म्हणजे आगीत टिकणारं खास सीलंट आणि भरणा. आमच्याकडे भोकात सिमेंटची रिकामी गोणी कोंबून वरून पीओपी फिरवतात. फोटोत दोन्ही पांढरंच दिसतं. पुढे ताबा दिल्यावर त्याच पीओपीत इंटरनेटवाला छिद्र पाडतो, मग डिशवाला, मग सीसीटीव्हीवाला. वर्षभरात शाफ्टची चिमणी तयार.

आता मेगर. ट्रंकिंगच्या पट्ट्यांमधलं आणि पट्टी-अर्थमधलं इन्सुलेशन शाबूत आहे का, हे सांगणारं यंत्र. पाच मिनिटांचं काम, पण ते प्रत्येक जॉइंटनंतर करायचं, म्हणजे बिघाड कुठे शिरला ते तिथल्या तिथे कळतं. सगळं चढवून झाल्यावर एकदाच लावला आणि काटा शून्यावर आला, तर तीस मजले उकलत बसावं लागतं. उकलायला वेळ नसतो. मग काटा नव्हे, कागद सुधारतात. मी असा एक कागद पाहिला आहे. तीस जॉइंट, तीसही ठिकाणी रीडिंग 200 मेगाओहम. इतकी समता महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे नांदत नाही.

घाई कशाची? तारखेची. महारेरात नोंदवलेली तारीख, ओसीची तारीख, अमुक भाऊंच्या हस्ते चाव्या देण्याची तारीख. स्लॅबला उशीर झाला, लिफ्टला उशीर झाला, टाइल्सचं जहाज अडकलं, या साऱ्यांचा भुर्दंड शेवटी येणाऱ्यावर पडतो आणि वीजवाला नेहमी शेवटीच येतो. सगळ्यांनी मिळून वाया घालवलेले महिने त्यानं एका आठवड्यात भरून काढायचे.

म्हणून मग चार्जिंगचा, म्हणजे वीज सोडण्याचा, मुहूर्त निघतो. पॅनलवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, आणि पॅनलच्या पायथ्याशी खळ्ळकन फुटलेला नारळ. ज्या खोलीत पाण्याचा थेंब नको म्हणून जगभर नियम लिहिले गेले, तिथे आम्ही श्रीफळाच्या पाण्यानं सुरुवात करतो. श्रद्धेला माझी हरकत नाही, नारळ दाराबाहेर फोडा. हरकत आहे ती बाविसाव्या मजल्यावर त्याच वेळी टॅप-ऑफ बॉक्समध्ये हात घालून बसलेल्या माणसाला मुहूर्त कोणी कळवला नाही याला. 1000 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असला तर शॉर्टसर्किटला पंचवीस हजार अॅम्पिअर सहज वाहतात. माणसाला वाचवणारा आरसीसीबी 30 मिलिअॅम्पिअरला तुटतो, पण तो घरातल्या डीबीत असतो. रायझरवर तो नसतो. तिथे वाचवतं ते कुलूप: ब्रेकर बंद, त्याला कुलूप, चावी काम करणाऱ्याच्या खिशात. दोनशे रुपयांचं कुलूप. आम्ही त्याऐवजी इंग्रजी पाटी लटकवतो. लावणारा मराठी, वाचणारा भोजपुरी.

हे सगळं रंगवून सांगतोय असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याचं 2023 आठवा. 1 ऑगस्टला शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचा गर्डर लाँचर कोसळला, 20 जण गेले. 10 सप्टेंबरला बाळकुमला चाळीस मजली इमारतीवरून काम आटोपून उतरणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळली, 7 जण गेले. दोन्ही विजेचे अपघात नव्हते. पण दोन्ही ठिकाणी फ्लेक्सवरचा तो गोरा कामगार सुखरूप राहिला असणार.

कायदा नाही असंही नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यामागोमाग बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर आला, कल्याणकारी मंडळ आलं. मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो आणि भांड्यांचा संचही. रांग कशासाठी लागते ते सांगायला नको. कामगाराला दोष देत नाही मी. पातेलं रोज लागतं, आणि हेल्मेट घातलं म्हणून मुकादम जास्त पैसे देत नाही.

या इस्टेटीतच आयटीआय आहे, तिच्या नावाचा सर्कलही आहे. तिथे पोरं तारतंत्री आणि वीजतंत्रीचे कोर्स करतात, परवाने काढतात. आणि टॉवरमध्ये बोल्ट आवळणारा येतो तो कसा? बिल्डरनं काम एमईपी कंत्राटदाराला दिलं, त्यानं इलेक्ट्रिकलवाल्याला, त्यानं मजूर पुरवणाऱ्याला, त्यानं नाक्यावरच्या मुकादमाला. वर परवाना एकाचा, खाली हात दुसऱ्याचा. प्रत्येक पायरीवर थोडा नफा काढून घेतला की शेवटच्या पायरीवर टॉर्क रेंचपुरते पैसे उरत नाहीत. सुपरवायझर सही करायला शुक्रवारी येतो. परवानाधारक माणूस जॉइंट होताना शाफ्टमध्ये उभा हवा, एवढी एकच अट कोणी कडक पाळली तरी या लेखातली निम्मी चेष्टा मला मागे घ्यावी लागेल. विद्युत निरीक्षकांनी कागदांच्या गठ्ठ्याऐवजी कोणतेही तीन जॉइंट उघडून दाखवा म्हणावं. तीनच. बाकीचे सत्तावीस दुसऱ्या दिवसापासून आपोआप सुधारतील.

आणि तुम्ही, ज्यांनी फ्लॅट बुक केलाय. ताबा घेताना तुम्ही टाइल्स नाण्यानं ठोकून बघता, नळ सोडून बघता, वास्तुशास्त्रवाल्याला होकायंत्रासकट घेऊन येता. त्याच दिवशी आपल्या मजल्यावरच्या विजेच्या शाफ्टचं दार उघडायला सांगा. हात घालू नका, नुसतं बघा: स्लॅबचं भोक नीट बंद आहे का, की गोणी डोकावतेय. मग जॉइंटवार मेगरचा कागद मागा आणि त्यावरची तारीख वीज सोडल्याच्या तारखेशी ताडून बघा. कागद नसेल, किंवा सगळे आकडे जुळ्या भावांसारखे असतील, तर चावी घेऊ नका.