बाबा वल्द नाना

आमच्या घराण्यात पुरुषांना दोनच नावं. बाबा आणि नाना. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळं बाबाचा नाना, नानाचा बाबा, त्या बाबाचा पुन्हा नाना. मी बाबा आहे. माझ्या मुलाचं नाव बायकोनं अथर्व ठेवलं, तेव्हा भावकीनं तिला चार महिने ऐकवलं. मीही मनातून खट्टू झालो होतो. आता तिचे पाय धरावेत असं वाटतं.

कारण असं झालं. 2023 च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं. सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदी तपासायचं काम निघालं. आरक्षणावर मी इथं बोलणार नाही, त्यासाठी चौकाचौकात माणसं बसलेली आहेत. मी सांगतोय ते त्या दिवसांतल्या मराठवाड्याचं. ज्यांनी सातबारा आणि लग्नपत्रिका सोडून जन्मात काही वाचलं नव्हतं, त्यांच्या तोंडी एकाएकी खासरा पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना नंबर 14, दाखल-खारीज रजिस्टर असले शब्द खेळायला लागले. टपरीवरचा पोरगा चहा देता देता विचारायचा, "तुमचं मोडीत घावलं का उर्दूत?"

भावकीची बैठक झाली आणि काम माझ्यावर आलं. मी नांदेडला राहतो, थोडं वाचतो-लिहितो, आणि मुख्य म्हणजे बैठकीला उशिरा पोचलो होतो.

आमचं मूळ गाव अहमदपूर तालुक्यातलं. म्हणजे लातूर जिल्हा. म्हणून लातूरला गेलो, तर तिथला कारकून म्हणाला, "लातूर जिल्हाच 1982 चा. आधीचं उस्मानाबादला विचारा." उस्मानाबादला गेलो, तर तोवर त्याचं धाराशिव झालेलं. तिथं कळलं की अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तीन तालुके 1956 च्या नोव्हेंबरात आले. त्याआधी ते बीदरमध्ये. बीदर आता कर्नाटकात. तिथल्या माणसानं माझं सगळं शांतपणे कन्नडमध्ये ऐकून घेतलं, मी मराठीत बोलत होतो तरी. मग बाहेरच्या रस्त्याकडं बोट केलं आणि दोनच शब्द बोलला. त्यातला एक हैदराबाद होता.

तेवढ्यात चुलत्यांनी आठवण करून दिली, "आरं, आपल्या अहमदपूरला जुनी माणसं राजूर म्हनायची. त्या नावानं इचारलास का?" नव्हतं विचारलं.

घर मात्र जागचं हललं नाही. तेच माळवद, दारातला तोच लिंब. त्या लिंबानं निजामाचं राज्य, मुंबईचं द्विभाषिक आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं पाहिली. जिल्हेही तीन पाहिले आणि त्यातल्या एकाचं नुसतं नाव बदललेलं पाहिलं. आमचे पूर्वज दुपारी त्याच्याखाली झोपायचे आणि उठेस्तोवर जिल्हा बदललेला असायचा.

शेवटी बस्ते सापडले. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, पुन्हा जायचंय. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा सोडला की आधी धूळ, मग कसर, मग कागद या क्रमानं वस्तू बाहेर येतात. कागद उर्दूत होते. आता उर्दू वाचणारा शोधायचा. त्या दोन महिन्यांत मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना असा भाव आला होता, की तसा सोयाबीनला आला असता तर अर्धे प्रश्न तिथंच मिटले असते. मला नांदेडच्या जुन्या भागात एक निवृत्त उर्दू शिक्षक भेटले. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला आणि हसायला लागले.

"नुक्ते किधर हैं, भाई?"

उर्दू लिपीत ब, प, त, ट, न ही अक्षरं शब्दात आली की प्रत्येकाचा नुसता एक दात उरतो. खाली एक टिंब दिलं की ब, तीन दिली की प, वर एक दिलं की न, दोन दिली की त. ट च्या डोक्यावर एक बारकी खूण. टिंब नसेल तर सगळे दात सारखे. निजामाच्या कचेरीतले मुन्शी दिवसाला शेकडो कागद उरकायचे, ते कशाला टिंब देत बसतात! लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं, वाचणाऱ्याला ठाऊक असायचं, आणि शंभर वर्षांनी नांदेडहून कुणी येईल अशी कल्पना कुणालाच नव्हती.

मास्तरांनी बोट ठेवलं. "ये देखो. एक दात, अलिफ, एक दात, अलिफ. बाबा भी हो सकता है, नाना भी हो सकता है, पापा भी हो सकता है." मग जरा थांबून म्हणाले, "टाटा भी हो सकता है. टाटा होंगे तो बताना, आपकी तो जिंदगी बन गयी."

मधे 'वल्द' होतं, म्हणजे अमक्याचा मुलगा. ते स्वच्छ होतं. वल्दच्या अलीकडं दात-अलिफ-दात-अलिफ, पलीकडंही तेच. म्हणजे बाबा वल्द नाना, नाही तर नाना वल्द बाबा. बाप कोण, लेक कोण, ते चार टिंबांवर अडलेलं, आणि ती टिंबं मुन्शीसोबत गेली. आमच्या घरात ही दोन नावं आलटून पालटून असल्यानं दोन्ही वाचनं एक पिढी आड खरीच होती.

दुसऱ्या कागदाची देवनागरी प्रत आधीच कुणीतरी करून ठेवलेली होती. त्यात विहिरीसाठी तगाई घेतल्याची नोंद, आणि तारीख 'बहमन 1338'. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात आमच्या पुण्याच्या भावानं लेखच लिहिला. बहमनी राज्य स्थापन झालं 1347 मध्ये, आणि आपली विहीर 1338 ची, म्हणजे सुलतानाच्याही आधी नऊ वर्षं आपलं घराणं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होतं. खाली सत्तावीस जणांनी हात जोडले होते. एकानं विहिरीवर फलक लावायला पाचशे रुपये जाहीर केले.

मास्तर पुन्हा हसले. 1338 हे फसली साल. शेतसारा पिकावर घ्यायचा आणि पीक सूर्यावर येतं, म्हणून महसुलासाठी हे सौर साल चालवलेलं. निजामाच्या राज्यात ते ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि महिन्यांची नावं इराणी असायची: आजूर, दै, बहमन. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन येतं. म्हणजे 1928 चा डिसेंबर, फार तर 1929 चा जानेवारी. बहमन हा सुलतान नव्हता, रब्बीतला महिना होता.

मी दुरुस्ती ग्रुपवर टाकली. तिला कुणी हात जोडले नाहीत. फक्त चुलत्यांचा फोन आला, हळू आवाजात. "तगाई फेडल्याचं कुठं लिवलंय का?" नव्हतं लिहिलेलं. "मग त्यो कागद फार दाखवत हिंडू नकोस."

या कचेऱ्यांत हिंडून माझ्या ध्यानात आलं, की कागदावर तोच पूर्वज येतो ज्यानं कर्ज काढलं, बांध कोरला, नाही तर कुणाचं डोकं फोडलं. गुण्यागोविंदानं जगलेल्या माणसाची सरकारदरबारी नोंदच नाही. भावकीतल्या सगळ्यात भांडखोर शाखेचे पुरावे पाच मिनिटांत निघाले. त्यांच्या आजोबांनी आमच्या धुऱ्यावरून केलेल्या अर्जाची मिसल एवढी जाड, की तिच्यावर बसून मी डबा खाल्ला.

शाळेच्या रजिस्टरात आजोबा मिळाले. जन्मतारीख 1 जून. त्यांच्या वर्गातला जवळजवळ प्रत्येक मुलगा 1 जूनलाच जन्मलेला होता. त्या गावात बाळंतपणं मे अखेरपर्यंत थोपवून धरायचे की काय! गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून पाहिला, पोचला, की वय सहा आणि तारीख शाळा उघडायची. जातीच्या रकान्यात नुसतं 'कु.' आणि पुढं शाईचा डाग. त्या 'कु.'चं कुणबी करायचं, कुलकर्णी करायचं की कुमारी, यावर आमच्या ओट्यावर एक अख्खी रात्र गेली.

मग कुणीतरी म्हणालं, नाशिकला जा, तिथल्या तीर्थावरच्या गुरुजींच्या वहीत सापडेल. विलायतेत 1538 मध्ये थॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला, की प्रत्येक चर्चनं बारसं, लग्न आणि दफन वहीत लिहावं. तिकडचे लोक त्या वह्या चाळून आपलं कूळ काढतात. आपल्याकडं तसा हुकूम कुणी काढला नाही, पण रामकुंडावर पिंडदानाला आलेल्या यजमानाची नावनिशी तीर्थपुरोहितांनी पिढ्यान् पिढ्या लिहून ठेवली. गुरुजींनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आत गेले आणि माझा चहा संपायच्या आत लांबट वही घेऊन आले. तीन महिने मी चार जिल्हे पालथे घातले होते, त्याची मला लाज वाटली.

त्या नोंदीत बाबा आणि नाना सख्खे भाऊ होते.

वर आणखी एक होता. 'बंधू तीन,' गुरुजी वाचत होते. आमच्याकडं आजवर दोनच घरांची भावकी. हा तिसरा कोण, कुठं गेला, त्याचं पुढं काय झालं, हे कुणीच कधी काढलं नव्हतं. मला भरून आलं. मी तिथूनच चुलत्यांना फोन लावला. पलीकडं बराच वेळ शांतता.

"काय हुडकलालास तिथं?"

"पूर्वज, काका. तिसरा भाऊ सापडला."

"जमीन दोन वाटण्यांनी चालू हाय. तिसरा कशाला हुडकलालास? ठिव वही खाली अन् ये गावाकडं."

बाप-लेकाचा निकाल शेवटी लावला बैलानं. एका गठ्ठ्यात कोंडवाड्याचा कागद निघाला, तोही मोडीत. मोडीत हात न उचलता लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घाचं फार कौतुक नसतं, पण ब तो ब आणि न तो न, एवढं तरी राहतं. नाना वल्द बाबा यांचा बैल दुसऱ्याच्या पिकात शिरला म्हणून कोंडला. खाली बैलाचं वर्णन: रंग पांढरा, डावं शिंग मोडकं, कपाळावर भोवरा, शेपटीचा गोंडा काळा. माझ्या पणजोबाचा रंग काय, उंची किती, कपाळावर काय होतं, कुठंच लिहिलेलं नाही. बैल मात्र आत्ता समोर उभा राहिला तर मी ओळखीन.

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. मोडी वाचणाऱ्या बाईंनी ती दोनदा वाचली. दंड नानानं भरलाच नव्हता. 'दंड त्याचे बायकोने भरला. निशाणी बांगडी.' लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा आणि बाई बांगडी. तिथं एक वर्तुळ होतं, नीट न मिटलेलं, एका बाजूला शाई जरा जास्त झिरपलेलं.

चार जिल्ह्यांच्या कागदांत माझ्या पणजीचं एवढंच आहे. पुण्याच्या भावाच्या फॅमिली ट्रीच्या ॲपमध्ये नावाशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणून त्यानं तिथं 'अननोन' टाकलंय. मी माझ्या वहीत नानांच्या शेजारी पेन्सिलीनं तसंच वर्तुळ काढलं आहे.

तिचं माहेर कंधारकडचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, गाव कुणालाच नाही. त्या बाजूला कुणाच्या घरी एखादी म्हातारी 'आमची एक आत्या राजूरकडं दिली होती' असं म्हणत असेल, तर त्या आत्याचं नाव विचारून ठेवा. मी येतो. खूण पटवायला बैलाचं सगळं वर्णन माझ्याकडं आहे.