मांडणीवरचे टोप आणि वॉटांचा हिशेब

ध्वनीच्या अगदी खालच्या पट्टीतील, साधारणतः २० ते १२० हर्ट्‌झ या टप्प्यातील, कानापेक्षा छातीला आधी कळणाऱ्या घुमाऱ्यासाठी स्वतंत्र राखलेला भोंगा म्हणजे सबवूफर, आणि त्या भोंग्याचा पडदा हलवण्याइतकी वीज त्याला पाजणारे यंत्र म्हणजे अँप्लिफायर, अशी व्याख्या सर्वसाधारणपणे पुरेशी ठरते. पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात, गुजरातच्या उंबरठ्यावर वसलेल्या वेवजी या गावी मात्र तिला एक पोटकलम जोडावे लागते. डहाणू-तलासरी पट्ट्यात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८पासून भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. हे धक्के उथळ असल्याने जमीन हलण्याबरोबर खालून गडगडाटही ऐकू येतो, आणि मांडणीवरचे टोप एकमेकांवर आपटू लागतात. शहरातील शौकीन ज्या परिणामासाठी हजारो रुपये मोजतो, तो येथे भूगर्भ फुकट पुरवतो. फक्त वेळापत्रक कळवत नाही. (ज्यांनी त्या थंडीच्या रात्री घराबाहेर कापडी तंबूत काढल्या, त्यांना यात विनोद दिसला नाही, तर ते रास्तच आहे.)

अशा मुलखात घरी सबवूफर घेणाऱ्यास अँप्लिफायर ‘दमदार’ही हवा असतो आणि ‘परवडणारा’ही, आणि या दोन विशेषणांच्या मधल्या फटीतच पीएमपीओ नावाचे प्रकरण राहते. पीएमपीओ हा वॉटांचा असा आकडा आहे, की तो कसा मोजावा याचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण अस्तित्वात नाही, त्यामुळे खोक्यावर तो ५,००० छापावा की १०,००० हे पुष्कळदा खोक्याच्या रुंदीवर अवलंबून असते. लग्नाच्या स्थळपत्रिकेत मुलाच्या उत्पन्नात वडिलांची जमीन, थोरल्या भावाचे दुकान आणि मामाची जीप धरली जाते, त्याच जातीचे हे गणित आहे. याउलट आरएमएस या अक्षरांपुढे लिहिलेला आकडा म्हणजे यंत्र सलग, न धापता देऊ शकेल अशी शक्ती. तो पुष्कळच लहान असतो आणि बहुधा लहान अक्षरांतच छापलेला असतो.

खरेखोटे ठरवण्यासाठी वापीच्या किंवा उंबरगावच्या दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने खोक्याच्या पुढच्या बाजूकडे पाहूच नये. त्याने ॲडॉप्टर उलटा करून त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत व त्यांचा गुणाकार करावा. १२ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे २४ वॉट. आता या २४ वॉटांवर चालणारे यंत्र ‘१००+१००’ वॉटांची गर्जना करते, असा दावा असेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कोठून आले, हा प्रश्न विचारण्यास विद्युत अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. दुकानदार यावर ‘साहेब, वाजवून बघा’ असे म्हणतो आणि वाजवतो. ते वाजतेही, कारण दुकान आठ फुटांचे असते.

पूर्वी या परीक्षेसाठी वजनाचा आधार घेता येत असे. ४४४० या आयसीवर बांधलेल्या किंवा त्याहून थोरल्या जुन्या अँप्लिफायरच्या पोटात तांब्याच्या तारेचा ट्रान्सफॉर्मर आणि पाठीवर ॲल्युमिनियमची उष्णता उधळणारी पट्टी असे. जो उचलताना कंबर धरी, तो चांगला, असा सोपा नियम होता. क्लास डी जातीच्या अँप्लिफायरने तो मोडीत काढला. या जातीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून तापत बसत नाहीत, तर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात, त्यामुळे घेतलेल्या विजेपैकी ८५ ते ९० टक्के भोंग्यापर्यंत पोहोचते आणि तळहातावर मावणारा बोर्ड जुन्या धुडाचे काम करतो. टीपीए ३११६ या चिपचा असा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. २४ व्होल्टांवर आणि ४ ओहमच्या भोंग्यावर तो साधारण ७० वॉट देतो. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतील अडथळ्याचे माप असल्याने भोंगा ८ ओहमचा निघाला, तर तेच ७० निम्म्यावर येतात. ज्याची भूक त्यानेही भागत नाही, त्याने टीपीए ३२५५चा बोर्ड आणि ४८ व्होल्टांचा पुरवठा घ्यावा, म्हणजे ४ ओहमवर पावणेतीनशे वॉटांच्या घरात जाता येते. मात्र खर्चाचा मोठा वाटा तेव्हा बोर्डावर नव्हे, तर वीजपुरवठ्याच्या डब्यावर जातो, आणि नेमका तोच डबा स्वस्तातला घेण्याचा मोह सर्वांना होतो.

तथापि इतकी भूक असावी का, हा प्रश्न उरतोच. वॉट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट’ वाटण्यासाठी सुमारे दहापट वॉट लागतात. म्हणजे ७०चे १४० करणाऱ्याच्या पदरात पडणारा फरक मुख्यतः पावतीवर दिसतो. खालच्या पट्टीला मानवी कान मुळातच मठ्ठ आहे, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये आलेख काढून दाखवले होते, म्हणून सबवूफरला इतर भोंग्यांपेक्षा जास्त वॉट लागतात हे खरे. परंतु भोंगा खोलीच्या कोपऱ्यात सरकवला की दोन भिंती आणि जमीन मिळून जो घुमारा वाढवतात, तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. पत्र्याच्या छपराखाली तर याहून निराळीच अडचण येते: पत्र्याचा एखादा सैल खिळा विशिष्ट ठोक्याला थरथरू लागतो आणि पुढे सगळे गाणे त्या खिळ्याचे होते. अशा घरात पुढील शंभर वॉटांपेक्षा एक वॉशर अधिक उपयोगी पडतो, पण वॉशर पाहायला शेजारी येत नाहीत.

विजेशिवाय आवाज मोठा करण्याची विद्या या भागाला नवी नाही. वारली समाजाचा तारपा म्हणजे वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा; वादक श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वेटोळे घालते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून हे वेटोळे जगभर पोहोचले. ओहम शून्य, ॲडॉप्टर शून्य, आणि तरीही वादकाकडे कोणी पीएमपीओ विचारल्याचे ऐकिवात नाही.

उरला प्रश्न शेजाराचा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, परंतु ४० हर्ट्‌झच्या ध्वनीची एक लहर साडेआठ मीटर लांब असते, ती भिंतीला वळसा घालते आणि सीमेच्या दगडालाही. वेवजीत लावलेला ठोका पलीकडच्या उंबरगाव तालुक्यात कोणत्याही परवान्याविना उतरू शकतो. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम दोन्ही बाजूंना सारखेच लागू आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्रीची सुरुवात दहाला.

या सर्व विवेचनात अँप्लिफायरच्या एका गुणाचा उल्लेख कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही: त्याचा लाल दिवा स्वयंपाकघरातून दिसला पाहिजे. वेवजीच्या घरात मांडणीवरचे टोप खणखणले की घरातील बाई प्रथम बाहेरच्या खोलीत पाहते आणि ‘कमी कर रे’ असे ओरडते. दिवा विझतो, ठोका थांबतो, आणि टोप तरीही वाजत राहिले, तर पोरांना बखोटीला धरून सगळे अंगणात येतात.