रान मोकळं करताना

वेडी बाभूळ तोडून भागत नाही, ती मुळापासून उपटावी लागते. नुसती तोडली की त्याच बुंध्यातून सात-आठ धुमारे फुटतात, आणि जिथं एक झाड होतं तिथं झुडपांची ग्रामसभा भरते. जमिनीखाली वीतभर तरी उकरून सगळा गड्डा बाहेर यायला हवा. ही मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची. ब्रिटिशांनी १८७७ च्या सुमारास तिचं बी हिंदुस्थानात आणलं. कोरड्या मुलखात जळण मिळावं, उजाड माळ झाकले जावेत, असा उदात्त हेतू होता. माळ झाकले गेले. मग नदीकाठ झाकले, पाझर तलाव झाकले आणि करमाळा तालुक्यात सीनेच्या काठाला असलेलं आमचं अडीच एकरही झाकलं.

त्याला आमच्या भाऊबंदकीचाही हातभार लागला. बांधाच्या वादात जमीन पडीक राहिली. वाद मिटून ताबा मिळाला तोवर सातबाऱ्यावर जिरायत शेत होतं आणि जागेवर जंगल. आत ससे होते, मुंगसं होती, रानडुकरांची बिऱ्हाडं होती. कडेनं टणटणी माजली होती आणि जिथं वेडी बाभूळ पोचली नव्हती तिथं गाजरगवत कमरेला लागत होतं.

“जेसीबी सांगू या,” असं मी म्हणताच तात्यांनी मला पुण्याच्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. “घरचा ट्रॅक्टर असताना?”

तात्या माझे चुलते. घरचा ट्रॅक्टर गाड्यांचे नंबर ‘एमएच’नं सुरू व्हायच्या आधीचा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण बॉनेटवर आता त्यातली दोनच अक्षरं शिल्लक आहेत आणि तीही वेगवेगळ्या बाजूंना. सेल्फ मारणारी बॅटरी तात्यांनी घरातल्या दिव्यांसाठी काढून घेतली आहे. त्यामुळं ट्रॅक्टर कायम मारुतीच्या देवळाच्या उतारावर उभा. ब्रेक सोडायचा, गिअरमध्ये टाकायचा, घरंगळताना क्लच सोडायचा, की एक आचका देऊन चालू. बंद करण्याची रीत निराळी. जुनं डिझेल इंजिन किल्ली फिरवून बंद होत नाही, डिझेल तोडणारी तार ओढावी लागते. त्या तारेची मूठ कधीच तुटली होती, म्हणून खिशात पक्कड. आणि आमचं रान सपाट. तिथं ट्रॅक्टर बंद पडला तर चालू करायला उतार कुठून आणणार? म्हणून तो सकाळी चालू झाला की संध्याकाळी परत देवळाशी येईपर्यंत चालूच. आम्ही भाकरी खायला बसलो की तोही शेजारी धडधडत बसायचा, आणि “चटणी दे” हे ओरडून सांगावं लागायचं.

पहिल्या दिवशी साखळी लावून झाडं ओढायची ठरली. बुंध्याला साखळी बांधली. दुसरं टोक खाली ड्रॉबारला अडकवायला हवं होतं, पण तिथली पिन गेल्या ऊसहंगामात कुणीतरी मागून नेलेली. तात्यांनी वर टॉपलिंकच्या कानाला साखळी अडकवली आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला. बाभळीनं मुळी जागा सोडायची नाही असं ठरवलेलं. ओढ जर मागच्या चाकांच्या आसापेक्षा उंचावर असली आणि मागचा भार हलत नसला, तर इंजिनाची सगळी ताकद ट्रॅक्टरचं तोंड वर उचलण्यात जाते. तसंच झालं. पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर गेली आणि तात्यांना समोर रानाऐवजी आभाळ दिसू लागलं. पन्नास वर्षं क्लच दाबलेला पाय आपणहून खाली गेला म्हणून बरं. ट्रॅक्टर दाणकन खाली आला. अशानं ट्रॅक्टर उताणा होऊन माणसं दगावतात, हे मी पुढं बराच वेळ सांगत होतो. तात्या टोपी शोधत होते. बाभळीची फक्त साल निघाली होती.

मोठी झाडं मग मजुरांनी कोयत्यानं तोडायची, आणि राहिलेल्या बुडख्यांचं नंतर बघायचं, असं ठरलं. इथं एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. कोयता नेहमी तिरपा बसतो. तिरपं तोडलेलं मनगटाएवढं खुंट म्हणजे जमिनीत उलटा रोवलेला भालाच. अडीच एकरांत असे भाले उभे राहिले आणि त्यांच्यामधून तात्या ट्रॅक्टर फिरवू लागले.

एव्हाना बांधावर मंडळी जमली होती. आमच्याकडं कुणाचा ट्रॅक्टर रुतला किंवा विहिरीत मोटार पडली की निरोप धाडावा लागत नाही. सल्ला द्यायला सगळ्यात पुढं होते सोसायटीचे माजी चेअरमन, पांढऱ्याशुभ्र नेहरू शर्टात. “डावीकडनं घ्या, अजून डावीकडनं,” असं ते हातवारे करून सांगत होते. तात्यांनी डावीकडनं घेतला. मागच्या टायरच्या कुशीत खुंट घुसलं.

आता पंक्चर म्हटलं की हवा जाणार, एवढंच शहरातल्या माणसाला ठाऊक. पण ट्रॅक्टरचं मागचं टायर घसरू नये, वजन पडून पकड बसावी म्हणून त्यात पाणी भरतात, चांगलं तीन-चतुर्थांश. आमच्या टायरात ते कुणी कधी भरलं होतं देव जाणे. खुंट आत गेलं तेव्हा नुसता ‘फुस्स’ आवाज आला. तात्यांनी ट्रॅक्टर पुढं घेतला, खुंट बाहेर निघालं आणि त्या भोकातून काळं, सडलेल्या रबराच्या वासाचं पाणी सरळ रेषेत सुटलं. त्या रेषेच्या दुसऱ्या टोकाला चेअरमन होते. पहिल्यांदा त्यांनी हात आडवा धरला, मग छत्री उघडायचा प्रयत्न केला, आणि शेवटी वळून पाठ दिली. पाठीवरही तेवढंच पाणी होतं. बांधावर कुणी हसलं नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत हसायचं नाही, एवढी समज आमच्या गावाला आहे.

टायर काढून तालुक्याला नेणं, नवी ट्यूब, पुन्हा पाणी, यात बरेच दिवस गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पैसे गेले एवढंच.

बुडखी शेवटी टिकाव-पहारीनं माणसांनीच खणून काढली. लाकूड एका कोळसेवाल्यानं नेलं, आणि त्याचे पैसे मिळाले हे ऐकून तात्या कितीतरी वेळ गप्प होते. राहिलं होतं रोटाव्हेटर मारणं. तो पश्चिमेच्या बांधाकडं गेला आणि एकाएकी कण्हल्यासारखा आवाज काढून थांबला. पात्यांना काहीतरी गच्च गुंडाळलं गेलं होतं. पीटीओ काढला, पक्कडीनं तार ओढून इंजिनही बंद केलं, आणि विळ्यानं कापत कापत ते बाहेर काढू लागलो. रानडुकरं यायची थांबावीत म्हणून शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, त्यातली एक मातीत पुरली गेली होती. नेमक्या त्याच वेळी काकू भाकरी घेऊन आल्या. चिखलाखालून टोपपदराचा लाल तुकडा निघाला. काकूंनी पाटी खाली ठेवली, तुकडा हातात घेतला, अंगठ्यानं माती पुसली.

“ही माझी इरकल.”

तात्या रोटाव्हेटरच्या पलीकडच्या बाजूला काहीतरी तपासू लागले.

“अहो, ही बारशातली इरकल. हिला मी किती वर्षं जाऊबाईंनी नेली म्हणते!”

जाऊबाई म्हणजे माझी आई. दोघींचं बोलणं त्या साडीपासूनच तुटलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी तो तुकडा धुऊन पुण्याला न्यायचा म्हणत होतो. काकूंनी दिला नाही. त्या स्वतःच आईला फोन करायला बसल्या. त्या दिवशी भाकरी गार झाल्या आणि ट्रॅक्टर बंद केलेला असल्यामुळं चार बैल आणून देवळापर्यंत ओढत न्यावा लागला.

मे अखेरीस रान काळंभोर, सपाट झालं. पेरणीआधी खत हवं, म्हणून तात्यांनी धनगराचा कळप बसवला. मेंढरं चार रात्री बसली, जमीन लेंड्यांनी भरून गेली, तात्या खूश. ती मेंढरं दिवसभर सीनेच्या काठानं पिकलेल्या शेंगा खात हिंडत होती. वेड्या बाभळीच्या. त्या शेंगा गोड असतात, आणि त्यांचं बी इतकं टणक की बरंचसं जनावराच्या पोटातून सहीसलामत बाहेर येतं. वर आतड्यात कवच मऊ पडल्यामुळं उगवतंही चांगलं.

मृगाचा पाऊस बरा झाला. आठवड्यानं मी गेलो तर अडीच एकर पोपटी झालं होतं. तात्या बांधावर उकिडवे बसून एक कोवळं रोप दोन बोटांत धरून बघत होते.

“तुरीची अशी उगवण,” ते म्हणाले, “मी जन्मात बघितली न्हाई.”